चाळीस बायका, दोन पास

खरं सांगा, ती चित्रफीत तुम्हीही पाहिली होती ना? निळा ॲप्रन घातलेली, पन्नाशीची, दात थोडे पुढे असलेली एक बाई डब्याच्या सुट्टीत उभी राहून म्हणते, "पुरुषांच्या संडासाला कुलूप लावा आणि किल्ली माझ्याकडे द्या. एकेकाने अर्ज घेऊन यायचं." मागे बायका खो खो हसतायत. सगळे मिळून नऊ सेकंद. पाहून तुम्ही हसलात की चिडलात, ते तुमचं तुम्हाला माहीत. ती पुढे कुणाला पाठवलीत, एवढं मात्र आठवून ठेवा.

त्या बाईला कारखान्यात बाणवाली म्हणतात. सदरे शिवायचा कारखाना, तिसरा मजला, लाइनच्या अगदी शेवटी तपासणीचं टेबल. शिवून झालेला सदरा तिच्यापुढे येतो आणि तिची बोटं त्यावरून ठरलेल्या वाटेने फिरतात. कॉलर, खांदा, बाही, काजं, खालची दुमड. कुठे टाका सुटला असेल तर तिथे ती लाल कागदाचा छोटासा बाण चिकटवते. सोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीच्या मधोमध आडवी रेघ. रेघेच्या वर सगळे दोष, रेघेच्या खाली सगळे उपाय. मध्ये कार्बन घालून दोन प्रती काढायच्या, एक कारागिराकडे, एक आपल्या खोक्यात. अकरा वर्षांत तिच्या हातून सुटलेला एकही सदरा परत आलेला नाही. हे ती स्वतः सांगत नाही, पण कुणी दुसऱ्याने सांगितलं तर मान जराशी ताठ होते.

लाइनवर चाळीस बायका. सुपरवायझरच्या खुर्चीमागे भिंतीवर एक खिळा आणि त्या खिळ्याला लाल दोरीचे दोन पास. बाथरूमला जायचं तर पास गळ्यात घालून जायचं, येऊन परत खिळ्याला अडकवायचा. दोन्ही पास बाहेर असले तर थांबायचं. कटिंगला आणि इस्त्रीला पुरुष आहेत, त्यांना पास नाही. का नाही, असं विचारलं तर सुपरवायझर म्हणायचा, "ते पटकन येतात." त्यामुळे लाइनवरच्या बायका सकाळी घरून निघताना पाणी पीत नाहीत. नवीन आलेल्या पोरीला मशीनमध्ये दोरा ओवायला शिकवतात, त्याच्या आधी हे शिकवतात.

या सगळ्याला तोंड फुटलं ते काजवालीमुळे. काजाच्या मशीनवर बसते म्हणून काजवाली. सव्वीस वर्षांची, पाचवा महिना. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, पाणी भरपूर पी, लघवी अडवू नकोस, एकदा त्रास होऊन गेलाय, परत झाला तर मी घरी बसवीन. आणि घरी बसणं काजवालीला परवडणारं नव्हतं, कारण कंपनीचा नियमच तसा. सातवा महिना भरेपर्यंत काम केलं तर बाळंतपणानंतर आपलं मशीन आपल्याला परत. त्याआधी सुटलं तर पटावरून नाव गेलं. दोन महिने काढायचे होते. फक्त दोन महिने, आणि भरपूर पाणी.

बाणवालीने अर्ज लिहिला. आणखी दोन पास द्यावेत. एवढंच, दुसरी ओळ नाही. अडतीस सह्या झाल्या. मॅनेजरसाहेबांनी अर्ज ठेवून घेतला आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी बैठकीत घेऊ म्हणाले. माणूस तसा वाईट नाही. जाता जाता म्हणाले, "दोन पासात आजवर चाललंच की."

त्याच दुपारी डबे उघडले आणि बाणवाली उभी राहिली. तिला नकला छान येतात. साहेबांसारखं पोट पुढे काढून म्हणाली, "चाळीस बायकांना दोन पास पुरतात. आजवर चाललंच की." बायका हसायला लागल्या. तशी तिला आणखी चेव आला. "मग एक दिवस उलटं करून बघू. पुरुषांच्या संडासाला कुलूप लावा आणि किल्ली माझ्याकडे द्या. एकेकाने अर्ज घेऊन यायचं. संध्याकाळच्या आत चार पास मंजूर नाही झाले तर माझं नाव बदला."

काजवाली तर पहिल्याच वाक्याला इतकी हसली की पोट धरून बसली. मग तिने फोन काढला. पिशवीतून फोन निघेपर्यंत पहिली तीन वाक्यं होऊन गेली होती, आणि शेवटच्या वाक्याला हसण्याने हात हलला. मधले नऊ सेकंद तेवढे नीट आले. तिने ते स्टेटसला ठेवले, वर लिहिलं, 'आमची बाणवाली'.

तिच्या नवऱ्याच्या मित्राने ते उचललं आणि व्यायामशाळेतल्या आपल्या ग्रुपवर टाकलं. तिथून ते 'मर्दाची बाजू' या चॅनलवर गेलं. चॅनल म्हणजे काय, तर एका माणसाची एक खोली, मागे काळा पडदा आणि उंच पाठीची लाल खुर्ची. बायकांनी जग कसं बुडवलं ते हा गृहस्थ रोज संध्याकाळी सांगतो आणि मधे केसगळतीचं तेल विकतो. बघणारे नऊशे, त्यातले निम्मे भांडायला येणारे. त्याने नऊ सेकंद चार वेळा दाखवले. "ही तुमची स्त्रीमुक्ती," म्हणाला. "आज संडासाला कुलूप, उद्या तुम्हाला."

इथवर काही बिघडलं नव्हतं. कारखान्यात कुणी तरी ते दाखवलं तेव्हा बाणवाली म्हणाली, "आवाज बरा आलाय माझा." घरी नवरा म्हणाला, "दोन दिवसांत विसरतील गं." तो टेम्पो चालवतो, जगाचा त्याला अनुभव आहे.

पण शहरात एक जुना, अब्रूदार पेपर आहे. त्याच्या वेबसाइटला दर तासाला काहीतरी नवं लागतं. तिथल्या कुणाला तरी तो चॅनल दिसला. त्याने कारखान्यात फोन केला नाही. बाई कोण, ती हे कधी म्हणाली, कशावरून म्हणाली, काही विचारलं नाही. लिहिलं, 'पुरुषांवर बंदी? महिला कामगाराच्या विधानाने समाजमाध्यमांवर संताप'. ते प्रश्नचिन्ह बघा. छत्रीसारखं असतं ते, त्याच्या खाली उभं राहिलं की अंगावर थेंब येत नाही. आणि संताप कुणाचा? नऊशे लोकांचा. बंदी हा शब्द तर बाणवालीच्या तोंडी नव्हताच, चॅनलवाल्यानेही वापरला नव्हता. तो पेपरातच जन्मला.

दुसऱ्या दिवशी तेच छापील अंकात, पान पाचवर. संध्याकाळी चॅनलवाल्याने अंक कॅमेऱ्यासमोर धरला. "मी नाही म्हणत. पेपर म्हणतोय." त्या दिवशी नऊशेचे चाळीस हजार झाले. चाळीस हजार लोक बघतायत म्हटल्यावर टीव्हीवर चर्चा ठेवली, 'स्त्रीवाद भरकटलाय का?' टीव्हीवर चर्चा झाली म्हटल्यावर पेपराने तिची बातमी केली. आणि त्या बातमीचा कागद हातात घेऊन लाल खुर्चीवरचा परत बोलू लागला. गोष्ट वर चढत होती, खाली उतरत होती आणि प्रत्येक खेपेला अंगावर एक नवा कपडा चढवून येत होती. चौथ्या दिवशी ती ऐकली तेव्हा बाणवालीने सगळ्या पुरुषांना कारखान्यातून हाकला असं म्हटलं होतं.

टीव्हीवरची चर्चा तिने नवऱ्याबरोबर बसून पाहिली. चार जण होते. त्यातल्या एक प्राध्यापक बाई, शांत, सुती साडी, शिकलेलं बोलणं. बाणवालीला वाटलं, या तरी विचारतील. त्या म्हणाल्या, "अशा बेजबाबदार विधानांनी चळवळीचं नुकसान होतं."

"कुठली चळवळ गं?" नवऱ्याने विचारलं.

"मला काय माहीत. आम्ही दोन पास मागितलेत."

चाळीस मिनिटं चर्चा झाली. पास हा शब्द एकदाही आला नाही.

मग लाइन हलू लागली. कॉलरवाली टेबलापाशी आली आणि सदऱ्याकडे बघत म्हणाली, "बाई, माझी सही खोडता येईल का? आमचे हे म्हणतात, असल्या भानगडीत नको." दुसऱ्या दिवशी आणखी तिघी. बाणवाली फटकळ आहे. एरवी चार शब्द सुनावले असते. पण त्या चौघींच्या डोळ्यांखाली काळं आलेलं होतं, त्या घरी काय ऐकून आल्या असतील ते तिला न सांगता कळत होतं. तिने मुकाट्याने नावं खोडली. नवऱ्यालाही पेट्रोल पंपावर इतर गाडीवाल्यांनी किल्लीवाला म्हणायला सुरुवात केली होती. "काय किल्लीवाले, सुटलात का आज?" पहिले दोन दिवस तो हसला. तिसऱ्या दिवशी घरी येऊन न जेवता झोपला.

काजवाली तर रडकुंडीला आली होती. "माझ्यामुळे झालं हो."

"गप गं. तू हसलीस म्हणून झालं होय? पाणी पी."

"दोन्ही पास बाहेर आहेत."

आता बाणवालीने ठरवलं की पेपरालाच लिहायचं. फोनवरच्या भुक्कडांच्या तोंडी कोण लागतं, पण पेपर म्हणजे पेपर. वीस वर्षं ती त्यातली वाचकांची पत्रं वाचत आली होती. खोटं छापलं गेलंय हे दाखवून दिलं तर ते दुरुस्त करतील, यात तिला शंका नव्हती. तिने रविवारची सकाळ घेतली, रेघांचा कागद घेतला, खाली कार्बन ठेवला आणि तिला येतं तसं पत्र लिहिलं. मधोमध आडवी रेघ. रेघेच्या वर दोष, म्हणजे तिच्याबद्दल जे जे म्हटलं गेलं ते सगळं, आणि त्यातलं जे खरं ते खरं म्हणून कबूल. 'पुरुषांच्या संडासाला कुलूप लावा, असे मी म्हणाले, हे खरे आहे. किल्ली माझ्याकडे द्या, हेही म्हणाले. बायका हसल्या, हेही खरे.' कबूल करायला ती कधीच कचरली नाही. टेबलावर खोटी चिठ्ठी लिहिली तर सदरा तिथेच खोटा ठरतो.

रेघेच्या खाली उपाय. चाळीस बायकांना दोन पास. पुरुषांना पास नाहीत. साहेब काय म्हणाले, त्यावरून मी नक्कल कशी केली, आधीचं वाक्य कुठलं, नंतरचं कुठलं. एका गरोदर बाईला डॉक्टरांनी काय सांगितलंय. आम्ही फक्त आणखी दोन पास मागतोय. कुणावर बंदी नको, कुणाला कुलूप नको.

लाइनवर ही पद्धत अकरा वर्षं चालली, कारण चिठ्ठी ज्या कारागिराच्या हातात जाते, त्याच्या मांडीवर तो सदरा असतो. शेवटपर्यंत वाचल्याशिवाय त्याचं भागत नाही. पेपरवाल्याच्या मांडीवर काय होतं?

बुधवारी पत्र छापून आलं. रेघेपर्यंत. वर मथळा, 'होय, मी तसं म्हणाले!' खाली तिचं नाव, तिचा हुद्दा, सगळं बरोबर. एकही शब्द त्यांनी बदलला नव्हता. म्हणून तर तिला काही क्षण कळेना की झालंय काय. ती पान उलटून मागे बघत राहिली, उरलेलं पत्र पलीकडे असेल म्हणून. पलीकडे फ्रिजची जाहिरात होती.

डब्याच्या सुट्टीत तिने पेपरात फोन लावला. चार जणांकडून फिरत फिरत एका उपसंपादकापर्यंत पोचली. तो पोरगा अत्यंत अदबीने बोलत होता.

"मॅडम, जागा नव्हती. पत्रं आम्ही खालून कापतो."

"खालून का?"

"पद्धत आहे तशी. महत्त्वाचं लोक वर लिहितात ना."

"आमच्यात खाली लिहितात."

"तुमच्यात म्हणजे?"

काय सांगणार? एरवी तिच्या जिभेला धार आहे, पण समोरचा वाकडं बोलेल तेव्हा ना. हा तर मॅडम मॅडम करत होता. खुलासा छापू म्हणाला, आणि छापलाही. सहा दिवसांनी, पान नऊवर, हवामानाच्या खाली. 'सदर पत्र जागेअभावी संक्षिप्त करण्यात आले होते.' कुठलं पत्र, ते लिहायला बहुतेक जागा नसावी.

तोवर लाल खुर्चीवरच्याने तो मथळा मोठा करून मागच्या काळ्या पडद्यावर लावला होता. आता बघणारे दोन लाख. केसांच्या तेलाबरोबर कुलूप-किल्लीचं चित्र छापलेला बनियनही विकायला आला होता.

बनियनवर बाणवाली हसली. खरंच हसली. "शिलाई कुठली आहे बघा रे, आपल्याकडे नको यायला तपासायला." पण भाऊ आला तेव्हा हसू मावळलं.

भाऊ धाकटा. लिफ्ट दुरुस्त करतो. आई दिवसभर कामावर असायची, तेव्हा हिनेच त्याला कडेवर घेऊन वाढवलं, त्याचं पहिलं अक्षर हिच्या हाताखाली उमटलं. पंधरा दिवस तो जिथे जाईल तिथे बहिणीच्या बाजूने भांडत होता. साइटवर एकाची कॉलरही धरली होती म्हणे. तो दारातच उभा राहिला, हातात घडी घातलेला पेपर.

"ताई, फोनवरचं मी एक अक्षर मानलं नाही. सगळ्यांना सांगितलं, माझी ताई असं बोलणार नाही. आणि तू स्वतः लिहून दिलंस?"

"आत ये. बस आधी."

तिने घरातलं कागदांचं खोकं काढलं, कार्बनची प्रत त्याच्या हातात दिली. तो खिडकीपाशी जाऊन वाचत होता आणि ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. पहिलं पुस्तक वाचताना ओठ हलायचे, तसेच आताही हलत होते. रेघेच्या खालचंही त्याने वाचलं. सगळं वाचलं.

"मग हे का नाही छापलं?"

"जागा नव्हती म्हणे."

"असं कसं? एवढा मोठा पेपर." त्याने कागदाची घडी घातली, परत उघडली. "त्यांना काहीतरी खटकलं असेल, ताई. उगाच कापणार नाहीत ते. तू... तू साहेबांची माफी मागून टाक ना. विषय संपेल."

पोटच्या पोरासारखा वाढवलेला भाऊ. खोटं बोलत नव्हता, बहिणीचं वाईटही चिंतत नव्हता. त्याच्या एका हातात तिचं अक्षर होतं, ज्यावरून तो अक्षरं शिकला, आणि दुसऱ्या हातात छापील अक्षर. तिला दिसत होतं कुठलं पारडं खाली जातंय. ती म्हणाली, "चहा घेणार का?" तो म्हणाला, "नको, हिला... म्हणजे तुझ्या भावजयीला घेऊन दवाखान्यात जायचंय." आणि गेला. इतकी वर्षं तो चहा न घेता कधी गेला नव्हता.

सोमवार आला. अर्जावर सतरा सह्या उरल्या होत्या. साहेबांनी तिला बसायला खुर्ची दिली, हे आजवर कधी झालं नव्हतं.

"मागणी तशी गैर नाही," साहेब म्हणाले. "खरं सांगू? महिन्यापूर्वी मी दोन पास देऊनही टाकले असते. पण आता वातावरण बघताय ना. आता दिले तर कंपनी त्या व्हिडिओपुढे वाकली असं होईल. पुरुष कामगार चिडलेत. वरून मला विचारणा झालीय. जरा थंड होऊ द्या."

"किती थंड?"

"पाच-सहा महिने."

"साहेब, एका बाईला आता सव्वा महिनाच काढायचाय."

"मला कळतं ते," साहेब म्हणाले, आणि त्यांना खरंच कळत असावं, कारण त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "उद्यापासून पासाबरोबर एक वही ठेवतोय. कोण किती वाजता गेलं, किती वाजता आलं. उद्या परत कुणी आरोप केले तर कंपनीकडे काहीतरी पुरावा हवा."

म्हणजे मागायला गेली दोन पास, घेऊन आली वही.

वहीत आपलं नाव सारखं सारखं दिसू नये म्हणून काजवालीने पाणी आणखी कमी केलं. बाणवाली रोज तिच्या मशीनवर बाटली नेऊन ठेवायची, संध्याकाळी तशीच भरलेली उचलायची. रागावून पाहिलं, समजावून पाहिलं. स्वतःचा पास-नंबर आला की काजवालीला पुढे ढकलायची, तर सुपरवायझरने तेही वहीत लिहिलं. तिसऱ्या आठवड्यात काजवालीला थंडी वाजून ताप भरला. मशीनवरच डोकं टेकलं तिने. डॉक्टरीणबाईंनी बोलल्याप्रमाणे तिला घरी बसवलं. सातवा महिना भरायला एकोणीस दिवस कमी होते.

ती ॲप्रन परत करायला आली तेव्हा नवरा खाली गाडीवर थांबला होता. ती टेबलापाशी उभी राहिली, बोटाने लाल बाणांची पट्टी सरळ करत. "मी तो व्हिडिओ पुसला हो बाई. केव्हाच पुसला."

"बरं केलंस," बाणवाली म्हणाली.

आता काजाच्या मशीनवर नवीन पोरगी आहे. काजं तिरकी येतात तिची. बाणवाली बाण लावते, चिठ्ठी लिहिते, वर दोष, खाली उपाय. नकला बंद झाल्या आहेत. डब्याच्या सुट्टीत ती भिंतीकडे तोंड करून जेवते, कारण कुणाच्याही हातात फोन असतो. पेपर घरी येतो अजून, नवऱ्यासाठी. पत्राची कार्बन प्रत खोक्यात तशीच आहे, जरा पुसट झालीय. मागितली तर ती कुणालाही दाखवेल. कुणी मागितलेली नाही.

सुरुवातीला म्हटलं होतं, चित्रफीत कुणाला पाठवलीत ते आठवून ठेवा. मेहुण्याला असेल, शाळेच्या ग्रुपवर असेल, ऑफिसातल्या एखाद्या गमत्या माणसाला असेल. तिला भेटायला येऊ नका, तिची बाजू घेऊन भांडू नका, ते भाऊ करून बसलाय. फक्त त्या माणसाला आज एक फोन करा आणि रेघेच्या खालचं तेवढं सांगा. चाळीस बायका होत्या, पास दोन होते.